ठेकेदाराचा कागद आणि परांचीवरचा माणूस

पावसाळा ओसरला, सणवार झाले की पुण्यात घरदुरुस्तीचा हंगाम सुरू होतो. ताडीवाला रोड असो, बोपोडी-दापोडी असो, येरवड्याची नागपूर चाळ असो की विश्रांतवाडी-धानोरीकडे कर्ज काढून घेतलेले दोन खोल्यांचे घर असो. कुठे छत गळलेले असते, कुठे मोरीची ओल शेजाऱ्याच्या भिंतीत उतरलेली असते, कुठे मुलाचे लग्न ठरले म्हणून वर एक खोली चढवायची असते. पोटाला चिमटा घेऊन साठवलेले पैसे, भिशीची उचल आणि पतपेढीचे कर्ज असे करून दोन-तीन लाख जमतात आणि ते सगळे एका माणसाच्या हाती दिले जातात. तो माणूस म्हणजे ठेकेदार. मुलीला स्थळ बघताना आपण चार गावांत चौकशी करतो. ठेकेदाराची चौकशी मात्र चहाच्या टपरीवर उरकते.

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येतो. दापोडीच्या एका भगिनीने तो सरळ विचारला आहे: "ठेकेदार लायसनवाला आणि विमा काढलेला असावा असे म्हणतात. पण ते लायसन कसले असते? आमचा ठेकेदार तर माझ्या नणंदेचा मुलगाच आहे. त्याला कागद मागायचा कसा?" या पत्रातला दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड आहे. त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

आधी लायसनची गोष्ट. ज्यांची मुले-सुना अमेरिकेत नोकरीला आहेत, त्यांच्या तोंडून हा शब्द आपल्याकडे आला असावा. तिकडच्या कॅलिफोर्निया राज्यात ठेकेदारांना परवाने देणारे सरकारी मंडळ १९२९ पासून आहे. घरमालक परवान्याचा क्रमांक घेतो आणि तो खरा की खोटा हे तिथे पडताळून पाहतो. आपल्याकडे तसे नाही. गवंडीकाम, फरशी, गिलावा, रंग, गळती थांबवणे अशी घरदुरुस्तीची सगळी कामे घेणाऱ्या ठेकेदाराला म्हणून देण्यात येणारा एकच परवाना महाराष्ट्रात नाही. त्यामुळे "मी लायसनवाला आहे" असे कोणी म्हणाला तर पुढचा प्रश्न लगेच विचारावा: "कसले लायसन? बघू."

मग बहुधा पुढे येतो तो शॉप अ‍ॅक्टचा कागद. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत छान जपून ठेवलेला असतो, वर सरकारी मुद्रा असते आणि घरातली वडीलधारी मंडळी तेवढ्यावर समाधान मानतात. पण हा कागद म्हणजे अमुक पत्त्यावर अमुक नावाचा धंदा आहे एवढीच नोंद. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली दहापेक्षा कमी कामगार असतील तर धंदा सुरू केल्याची सूचना दिली तरी पुरते. उद्यम नोंदणी तर माणूस स्वतःच माहिती भरून करतो. जीएसटीचा क्रमांक कराचा असतो. या तिन्ही कागदांवरून माणूस गायब झाला तर त्याला कुठे शोधायचे हे कळते, आणि तेही थोडे नाही. म्हणून त्यांच्या प्रती घेऊन ठेवाव्यात. त्याला वीट सरळ लावता येते की नाही, हे त्यांतल्या एकाही कागदावर लिहिलेले नसते.

खरे परवाने आहेत ते कामागणिक. त्यांत पहिला विजेचा. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण बदलणे एवढे किरकोळ काम सोडले, तर घरातले वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायचे असते आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे वायरमनचा परवाना लागतो. हे परवाने राज्य शासनाकडून मिळतात, त्यांवर क्रमांक आणि मुदत असते. नव्या मीटरसाठी महावितरणकडे अर्ज करताना जो टेस्ट रिपोर्ट लागतो, त्यावर अशाच ठेकेदाराची सही असते.

आता व्यवहारात काय चालते ते स्पष्टच लिहितो. सही एकाची आणि काम दुसऱ्याचे. लायसनवाला घर बघायलाही येत नाही. सहीचे पैसे घेतो आणि रिपोर्ट देतो. वायरिंग करतो तो आपल्याच वस्तीतला पोरगा. औंधच्या आयटीआयमधून तो पास झालेला असतो, हातात कसब असते, दहा-दहा वर्षे तो दुसऱ्याच्या लायसनवर राबतो, आणि स्वतःचा वायरमनचा परवाना काढायचा मात्र त्याने कधी विचारच केलेला नसतो. अर्ज कुठे करायचा हे त्याला कोणी सांगितलेले नसते, किंवा कागदपत्रांच्या फेऱ्यांत रोज बुडेल याची भीती असते. काही चुकले तर लायसनवाला नामानिराळा आणि हा पोरगा उघडा. आपल्या घरात असा मुलगा असेल तर यंदा त्याच्या परवान्याच्या मागे लागा. काम देणारे घर आपलेच असेल तर काम करणाऱ्याच्याच नावाचा परवाना बघा आणि ज्याची टेस्ट रिपोर्टवर सही होणार आहे त्याला एकदा घरी बोलावून बोर्ड उघडून दाखवायला सांगा. अर्थिंग आहे का आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवले आहे का, एवढे दोन प्रश्न विचारले तरी तो समजतो की या घरातल्या बाईला माहिती आहे. ओल्या हाताने बटण दाबणाऱ्याचा जीव वाचवते ते हेच यंत्र.

नळाचे तसेच. महापालिकेचे नळजोड परवानाधारक प्लंबरमार्फत घ्यायचे असते. घराच्या आतली तोटी कोणीही बसवतो. त्यावर फार लिहिण्यासारखे नाही.

खरी भीती आहे ती भिंती तोडण्याची. घर छोटे, माणसे जास्त. मग मधली भिंत काढून हॉल मोठा करायचा, पोटमाळा टाकायचा, खालच्या गाळ्याचे दार रुंद करायचे, असे बेत होतात. कोणती भिंत नुसता आडोसा आहे आणि कोणत्या खांबावर वरचे चार मजले उभे आहेत, हे नुसत्या हातोडीच्या आवाजावरून सांगणारे मिस्त्री आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या अनुभवाला आम्ही नावे ठेवत नाही; पण तो निर्णय त्यांचा नव्हे. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरला चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसे गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम चालू होते आणि त्यात इमारतीच्या खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. त्याआधी २७ सप्टेंबर २०१३ ला डॉकयार्ड रोडजवळची महापालिका कर्मचाऱ्यांची इमारत पडून ६१ जण मेले. तिथेही तळमजल्यावरच्या गोदामात केलेल्या फेरफारांवर बोट ठेवले गेले. वरच्या मजल्यांवर झोपलेल्यांना खाली काय तोडले जाते आहे याची कल्पना नव्हती.

म्हणून खांब, तुळई, स्लॅब यांना धक्का लागणार असेल, किंवा वर मजला चढवायचा असेल, तर महापालिकेकडे नोंद असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी घर दाखवायचे, त्याच्याकडून लेखी घ्यायचे आणि महापालिकेची परवानगी काढायची. सोसायटीत राहणाऱ्यांनी कमिटीची लेखी परवानगीही घ्यावी. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवे. ते शेवटचे कधी झाले हे त्याच निमित्ताने विचारता येते. इंजिनिअरची फी ऐकून अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. दारावरच्या नक्षीला त्याहून जास्त पैसे जातात, त्याची आठी कोणाच्या कपाळावर दिसत नाही.

वस्तीतल्या घरांपुढे यात एक अडचण आहे, ती आम्ही झाकून ठेवत नाही. जिथे जमिनीचाच कागद पक्का नाही, तिथे परवानगी मागायला गेले की आहे ते घरही नजरेत येईल अशी भीती असते. मग रातोरात वीट चढते, आणि असे काम घेणारा ठेकेदारही त्याच तोडीचा मिळतो, कारण घरमालकाला तक्रार करता येणार नाही हे त्याला पक्के ठाऊक असते. परवानगीचा प्रश्न एका सदरातून सुटणार नाही. पण त्या घरालाही इंजिनिअरचा सल्ला घेता येतो, आणि स्लॅब टाकल्यावर टेकू किती दिवस ठेवायचे हे तर कोणीही बघू शकते. भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबचे किमान १४ दिवस काढायचे नसतात, आणि तेवढे दिवस पाणी मारत राहायचे असते. आज बाजारात बहुतेक मिश्र सिमेंट मिळते, त्याला आणखी थोडे जास्त दिवस द्यावेत. ठेकेदाराला सेंटरिंगच्या फळ्या दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात, म्हणून तो चौथ्या दिवशीच "ताई, सेट झालं" म्हणतो. त्याला फळ्यांचे भाडे दिसते. आपण दिवस मोजावेत.

आता विम्याकडे येऊ. आमच्या मते या सगळ्यात महत्त्वाची आणि सर्वांत कमी विचारली जाणारी गोष्ट हीच. दुरुस्ती आपल्या घराची असते, पण परांचीवर चढतो तो दुसऱ्याच्या घरचा माणूस. वारज्यापासून वाघोलीपर्यंत सकाळी मजूर अड्ड्यांवर उभे असलेले चेहरे बघा. मराठवाडा-विदर्भातून आलेले, बिहार-छत्तीसगडमधून आलेले, आणि पुष्कळसे आपलेच भाऊबंद. हे साप्ताहिक वाचणाऱ्या घरांपैकी काहींनी घर बांधायला काढले असेल, तर काहींच्या घरातला कर्ता माणूस आजही डोक्यावर घमेले वाहतो. म्हणून हा प्रश्न आपल्याला दोन्ही बाजूंनी लागू आहे.

मोठ्या साइटवरच्या दुर्घटना निदान वर्तमानपत्रात येतात. २९ जुलै २०१६ ला बालेवाडीत बांधकामाचा स्लॅब कोसळून ९ मजूर गेले. २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली आणि मुलाबाळांसह १५ जण दगावले. पण दुसऱ्या मजल्यावर रंग देताना दोर सुटून पडलेला एकटा रंगारी कुठे छापून येत नाही. ठेकेदार त्याला ससूनमध्ये नेऊन टाकतो, दोन-पाच हजार त्याच्या बायकोच्या हातात ठेवतो आणि फोन बंद करतो. कंबर मोडलेला माणूस गावी परत जातो. पुढे त्या घरातली मुलगी शाळा सोडते.

कायद्याने त्याचा हक्क याहून फार मोठा आहे. कामावर झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने आले आणि तेच आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतले आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. मजुरांच्या हक्कांबरोबर केंद्राचे बांधकाम खातेही तेव्हा त्यांच्याकडेच होते. तेव्हा ठेकेदार आणि मजूर हा विषय आपल्या घरात परका नाही.

हक्काचा आकडा किती होतो ते बघा. जुन्या कायद्याच्या हिशेबात मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग घेऊन त्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणत. २०२० पासून हिशेबाला धरायच्या मजुरीची कमाल मर्यादा १५,००० रुपये होती. माणूस ३० वर्षांचा असेल तर गुणक २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, साडेपंधरा लाखांच्या वर. आता सांगा, दोन मजूर आणि एक दुचाकी एवढ्यावर धंदा चालवणारा ठेकेदार ही रक्कम कुठून आणणार? हक्क कागदावर राहतो, आणि देणाऱ्याकडे देण्यासारखे काही नसते. विमा लागतो तो यासाठी. ठेकेदाराने कामगार भरपाईची पॉलिसी घेतली असेल तर रक्कम विमा कंपनी देते. अपघात आपल्या छतावरून झाला तर मजुराचे नातेवाईक आणि पोलीस आपल्या दारात येणारच, आणि ठेकेदार म्हणणार की काम यांचेच होते. मजूर अड्ड्यावरून रोजावर माणूस आपणच आणला असेल तर "मालक कोण" या प्रश्नाला बोट दाखवायला दुसरे कोणी नसते. घराचा विमा आहे म्हणून निश्चिंत राहू नये. तो आग, पूर, भूकंप यांनी घराचे झालेले नुकसान भरतो. त्या साध्या पॉलिसीतून परांचीवरून पडलेल्या मजुराला काही मिळत नाही.

पॉलिसी बघताना चार गोष्टी वाचाव्यात: नाव ठेकेदाराचेच आहे का, मुदत चालू आहे का, किती कामगार धरले आहेत, आणि काम कोणत्या प्रकारचे व कोणत्या जागेचे लिहिले आहे. दोन फरशीवाल्यांची पॉलिसी घेऊन सहा माणसे परांचीवर चढवली तर ऐनवेळी वाद होतो. दवाखान्याचा खर्च वेगळा जोडून घ्यावा लागतो, तो घेतला आहे का तेही विचारावे. मोठे काम असेल तर शेजाऱ्याच्या पत्र्यावर वीट पडली, खालच्या घरात पाणी गेले, अशा नुकसानीचाही विमा मिळतो.

याखेरीज मजुराच्या स्वतःच्या नावाचे दोन कागद आहेत. पहिला बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीचा. १८ ते ६० वयाच्या आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या स्त्री-पुरुषांना ही नोंदणी करता येते. मुलांच्या शिक्षणापासून बाळंतपणापर्यंत मदत आहे, आणि कामावर मृत्यू आल्यास वारसाला ५ लाख रुपये मिळतात. पण त्यासाठी लागतो ९० दिवसांचा दाखला, आणि तो द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतात. सही केली की हा माणूस आपला कामगार आहे हे कबूल केल्यासारखे होते ना! म्हणून ठेकेदाराची परीक्षा घ्यायची असेल तर त्याला एवढेच विचारा, "तुमच्या माणसांना ९० दिवसांचा दाखला देता का?" तो काय उत्तर देतो आणि मागे उभा असलेला बिगारी कोणाच्या तोंडाकडे बघतो, यावरून पुष्कळ समजते. दुसरा कागद प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा. १८ ते ७० वयाच्या ज्याचे बँकेत खाते आहे, त्याच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात आणि अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. हे ठेकेदाराच्या विम्याला पर्याय नव्हे. पण आपल्या घरातला माणूस बांधकामावर जात असेल तर आज संध्याकाळी त्याचे पासबुक काढून ते २० रुपये कापले गेलेत का, हे बघायला काय हरकत आहे?

आता नणंदेच्या मुलाचा प्रश्न. आपल्याकडे बहुतेक कामे नात्यातल्या नाहीतर वस्तीतल्या माणसालाच दिली जातात, आणि ते योग्यच आहे. आपल्या पोराने चार विटा रचून धंदा उभा केला तर पहिले काम त्याला आपण नाही द्यायचे तर कोणी? पण कागद मागितला तर "मामी, माझ्यावर विश्वास नाही का?" असे तो म्हणणार, आणि रात्री नणंदेचा फोन येणार, ही धास्ती खरी आहे. आमचे म्हणणे असे की कागद मागण्याने त्याचाच धंदा वाढतो. उद्या त्याला सोसायटीचे, शाळेचे, कंपनीचे काम हवे असेल तर तिथे मामी नसते. तिथे पहिल्याच दिवशी पॉलिसी आणि परवाना मागतात, आणि ते नसलेला पोरगा जन्मभर दुसऱ्या ठेकेदाराच्या हाताखाली राहतो. त्याची पहिली पॉलिसी आपल्या कामाच्या निमित्ताने निघाली तर ती पुढे त्याच्याच उपयोगाची. शिवाय नात्यातले व्यवहार तुटतात ते बहुधा तोंडी बोलण्यामुळे. कोणते सिमेंट, किती फरशी, लेबर रेट की मटेरियलसकट, राडारोडा कोणी उचलायचा, हे लिहून ठेवले की पुढे मामी आणि भाचा दोघांचेही तोंड गोड राहते.

लिहिताना पैसे कामाच्या टप्प्यांना बांधावेत. साहित्य आणण्यापुरती उचल, मग गिलावा झाल्यावर, फरशी झाल्यावर, असे. "सगळे आगाऊ द्या, माल स्वस्त पडतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. संडास-मोरीत नवी फरशी बसवण्याआधी तळाला २४ तास पाणी साठवून खालच्या घरात ओल येते का ते बघावे आणि मगच पुढचा हप्ता द्यावा. छताची गळती काढली असेल तर थोडी रक्कम पहिला मोठा पाऊस होईपर्यंत मागे ठेवायची, हे आधीच लिहावे. नंतर सांगितले की भांडण होते. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. काम वाईट झाले तर ते सेवेतली त्रुटी ठरते आणि पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकीलही लागतोच असे नाही. १९१५ हा ग्राहकांसाठी सरकारी मदतीचा क्रमांक आहे. पण तिथे पहिली मागणी पावतीचीच होते.

दापोडीच्या भगिनीला आमचे सांगणे असे. भाच्याकडे पॉलिसी नसेल तर काम काढून घेऊ नका. त्याला घेऊन विमा कंपनीच्या कचेरीत किंवा ओळखीच्या एजंटकडे जा, किती माणसे, किती दिवस, कसले काम हे सांगून हप्ता विचारा आणि तो अंदाजपत्रकात वेगळी ओळ म्हणून लिहा. तो हप्ता तुम्ही सोसायचा की त्याने, हे आपसात ठरवा. आम्ही तर निम्मा-निम्मा सुचवू. गल्लीत आणखी दोन घरांची कामे त्याच्याचकडे असतील तर तिघांत तो आणखी हलका पडेल. मात्र पॉलिसीत तिन्ही जागा लिहून घ्या. पावती आणि पॉलिसी काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी हातात घ्या. तिच्यावरची सुरुवातीची तारीख कामाच्या तारखेनंतरची असेल, तर त्या तारखेपर्यंत परांचीचा एकही बांबू बांधू देऊ नका.